पाऊण इंची पाना

बर्फ उतरला की आमच्याकडे
अंगणच आपणहून काहीबाही वर ढकलतं.
गोठलेली माती फुगते, दगड पेलते,
आणि एप्रिल सरताना दरवर्षी
आम्ही वाकून तेच जुने दगड नव्याने वेचतो.
मेन राज्याच्या या उत्तर टोकाला
बटाट्याआधीचं पीक हेच.

यंदा माझ्या हातात यंत्र होतं.
एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवून थांबले
म्हणून लेकीने पाठवलेलं.
आता पायी चाल, म्हणाली,
आणि सावकाश.

मर्ल पायरीवरून म्हणाला,
"माझ्या हिरवळीची चाळण करणार तू."
मी हेडफोन कानांवर चढवले.

पहिले तीन दिवस खिळे.
बिअरच्या डब्यांच्या कड्या, आमच्याच पाहुण्यांच्या,
मग परत खिळे, जुने, चौकोनी डोक्यांचे,
बहुधा जळालेल्या कोठाराचे.
गुरुवारी पेराएवढं एक अंगुस्तान,
चुलीचं झाकण उचलायचा आकडा,
आणि एक चमचा.

पातेल्याचा तळ खरवडून खरवडून
चमच्याची एक कड झिजते.
उजव्या हाताने ढवळणारीची डावी.
याची उजवी झिजली होती.
मी तो माझ्या डाव्या हातात धरला.
नीट बसला.
नाव कळलं नाही तिचं. हात कळला.
त्या रात्री सूप त्याच चमच्याने ढवळलं
आणि मर्लला सांगितलं नाही.

शनिवारी लायलॅकपाशी आवाज आला,
स्वच्छ, जाताना आणि येताना सारखाच.
वीतभर खाली मुळांच्या मिठीत काहीतरी लांबट.
कात्रीने दोन मुळं तोडावी लागली.
पाना. पाऊण इंची.
गंज बोटाने खरवडला तर दांड्यावर
कानशीने पाडलेल्या तीन खाचा:
मर्ल आपल्या अवजारांना अशीच खूण करतो.

अठ्ठ्याऐंशी साली हा पाना हरवला.
त्याच आठवड्यात रोलँड सीर
आमचा पंप दुरुस्त करू लागायला आला होता.
मर्ल बटाट्याच्या गोदामात, चारचौघांत, म्हणाला,
सीरकडे गेलेली वस्तू परत येत नाही.
रोलँड काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पायरीवर
त्याचा स्वतःचा पाऊण इंची पाना होता,
तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
मर्लने तो कबुलीजबाब मानला.

पुढे पंप बिघडला की मर्ल एकटाच दुरुस्त करायचा,
त्याच पान्याने.
रस्त्यापलीकडचा दिवा रोज संध्याकाळी लागायचा
आणि आम्ही पडदा ओढायचो.
रोलँडला जाऊन तीन वर्षं झाली.
मी शिजवून नेलेली खीर
जिनेटने दारातच घेतली होती,
भांडं धुऊन परत पाठवलं.

मी पाना मर्लच्या मांडीवर ठेवला.
त्याचा अंगठा खाचांवरून गेला, एक, दोन, तीन,
आणि पुन्हा पहिलीवर आला.
"कुठे?"
मी लायलॅककडे बोट दाखवलं.
ते रोप त्याच उन्हाळ्यात लावलेलं.
खड्डा मी खणला होता, माती मीच लोटली होती.
त्याला हे आठवत असेल तर
तो तसं म्हणाला नाही.

तिसऱ्या प्रहरी गॅरेजमधला एक खिळा रिकामा दिसला.
आमचा ट्रक सीरांच्या फाटकाबाहेर होता,
इंजिन चालू.
बटाटे सोलून झाले, उकडून झाले,
ट्रक तिथेच.
मग तो आला, हात धुतले, जेवायला बसला.
"जिनेट घरी नव्हती."
तिची गाडी अंगणात उभी होती,
मी खिडकीतून पाहिली होती.
मी मीठ पुढे सरकवलं.

आज सकाळी यंत्र जागेवर नव्हतं.
मर्ल दवात उभा, कानांवर माझे हेडफोन,
गवत कापावं तसा हात फिरवत,
स्वतःच्या हिरवळीला पहारीने भोकं पाडत.
कॉफी झालीय, मी हाक मारली.
दोनदा मारली.
तो लायलॅकभोवती फिरत होता,
जिथून काढायचं ते आम्ही काढून झालं होतं.